खडपावरची वस्ती

मेतरांच्या मथुरेला लहानपणी समुद्राचं काडीचंही कौतुक नव्हतं. कसं असणार? मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, उधाणाच्या वेळी भिंतीवर तुषार उडतील इतक्या जवळ तिचं घर. बाप गणपत मेतर तांडेल, होडीवरचा म्होरक्या, आई काशीबाई डोक्यावर टोपली घेऊन बाजारात मासे विकणारी. घरात समुद्र म्हणजे कुंपणावर वाळत घातलेली जाळी, खारवलेल्या बांगड्यांचा वास, आणि बापाला परतायला उशीर झाला की आईच्या जिवाची होणारी उलघाल. घरासमोर ओहोटीला एक लांबरुंद काळं खडप, म्हणजे सपाट खडक, उघडं पडे. त्याला कावळेखडप म्हणत. त्यावर चिकटलेल्या पांढऱ्या, धारदार, चिंचोक्याएवढ्या शंकूंनी मथुरेचे तळवे इतक्या वेळा कापले होते की त्या खडपाशी तिचं उभं वैरच होतं.

पोर मात्र अभ्यासात तल्लख निघाली. मॅट्रिकनंतर शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४९ साली आगबोटीत बसून ती मुंबईला मावशीकडे गेली. डॉक्टर व्हायचं मनात होतं. ती जागा हुकली आणि प्राणिशास्त्र पदरात पडलं. पहिली दोन वर्षं तिने बाटल्यांत बुडवलेली फिकट, मेलेली जनावरं पाहण्यात काढली. कधी एकदा पदवी घेऊन शाळेत मास्तरीण होते, असं तिला झालं होतं.

मग एक दिवस प्राध्यापकांनी कुलाब्याच्या खडकाचा एक तुकडा आणून समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बशीत ठेवला आणि एकेकाला भिंगातून बघायला सांगितलं. मथुरेची पाळी आली. तिने पाहिलं तर तेच पांढरे शंकू! तळवे कापणारे! तिला हसू आलं. तेवढ्यात एका शंकूच्या टोकाला फट पडली, दोन कवाडं बाजूला झाली, आणि आतून पिसासारखा एक नाजूक पंजा बाहेर आला. त्याने पाणी मुठीत धरल्यासारखं केलं आणि तो आत गेला. पुन्हा बाहेर आला, पुन्हा आत. शेजारचाही उघडला, मग त्याच्या शेजारचा. बघता बघता सगळा दगड श्वास घेतल्यासारखा हलायला लागला.

"हे त्याचे पाय आहेत," प्राध्यापक सांगत होते. "पिल्लू असताना तो पाण्यात मोकळा पोहतो. मग डोकं दगडाला चिकटवतो, भोवती घर बांधतो, आणि जन्मभर तसाच उलटा राहून पायांनी अन्न तोंडात ओढतो."

मागचा मुलगा खोकला, तरी मथुरा भिंगापासून हलेना. आपण लहानपणापासून ज्यावर पाय देत आलो, ज्याला शिव्या घातल्या, ते घरांनी गच्च भरलेलं एक गाव होतं, आणि भरती आली की त्या गावातली सगळी दारं उघडत होती! मे महिन्यात घरी आल्यावर तिने हे आईला सांगितलं. काशीबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"अगो, डोक्यार उभो रवान पायान जेवता? असा खंय आसता?"

"आसा, आये. आपल्या दारातच आसा."

"शिकलंस ता पुरे झाला," काशीबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी खडपावरून जाताना ती नेहमीपेक्षा जपून पावलं टाकत होती, हे मथुरेने पाहिलं.

मथुरेने एम.एस्सी. केलं. १९५५ साली मत्स्य खात्याने मालवणात एक लहानसं संशोधन केंद्र उघडलं, तिथे तिला साहाय्यक म्हणून नेमणूक मिळाली. केंद्र म्हणजे बंदराजवळच्या दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि गळकं कौलारू छप्पर. प्रमुख होते नाबर साहेब, सावंतवाडीकडचे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी तिला काम दिलं बांगड्याचं आणि तारल्याचं: कुठल्या महिन्यात किती मोठा मासा येतो, पोटात काय असतं, अंड्यांची गाबोळी कधी भरते.

"आणि खडपाचं, साहेब?" तिने विचारलं.

"खडप कोणी खात नाही, मथुराबाई," नाबर साहेब म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी पुस्ती जोडली, "पण ओहोटीच्या वेळी तुम्ही कुठे असता हे काही मी विचारणार नाही."

एवढी मोकळीक तिला पुरली. तिने कावळेखडपावर तैलरंगाने चौकोन आखले आणि कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोकल्या. दर अमावस्या-पौर्णिमेला, पाणी खूप मागे हटलं की लुगड्याचा काष्टा मारून ती खडपावर जाई आणि प्रत्येक चौकोनात कोण राहतं ते पाही. वरच्या अंगाला, जिथे लाटेचा फक्त शिडकावा पोचतो, तिथे मोहरीएवढ्या गोगलगायी. त्याखाली पांढऱ्या शंकूंचा पट्टा. त्याखाली कालवं, मग शिनाण्यांचे लांबट शिंपले, आणि अगदी तळाला तपकिरी शेवाळाची झालर. जणू कुणी घरं वाटून दिली होती आणि कुणीही आपली हद्द ओलांडत नव्हतं. दांडीवरचे लोक म्हणत, "मेतरांचा चेडू खडपार सोना सोधता." लग्नाच्या वयाची पोर दिवसभर दगडावर ओणवी, म्हणून काशीबाईला चार बायका चार गोष्टी ऐकवत. काशीबाई त्या ऐकून घेई आणि घरी येऊन मथुरेला ऐकवी.

अशी तीन वर्षं गेली. १९५८ साली दिवाळीच्या तोंडावर वादळ आलं. गणपतला आदल्या दिवशीच आभाळाचा रंग आवडला नव्हता. त्याने होड्या वर माडांत ओढून घ्यायला लावल्या, म्हणून माणसं वाचली. पण माड मोडले, कौलं उडाली, आणि समुद्र घरांच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेला. वारा पडल्यावर मथुरा बाहेर धावली. समोरचं कावळेखडप ओळखू येत नव्हतं. समुद्राकडची अख्खी कड फुटली होती. देवळाच्या अंगणाएवढा थर उचलून लाटांनी पलीकडच्या खोल पाण्यात लोटला होता, आणि खालचा कधीच न दिसलेला दगड वर आला होता. फिकट, कोरा. त्यावर एक शिंपलंसुद्धा नव्हतं. तिचे चौकोन, खुंट्या, तीन वर्षांतला एकेक ओळखीचा जीव, सगळं गेलं होतं.

गणपत मागून आला. त्याने आयुष्यात पुष्कळ वादळं पाहिली होती. तो म्हणाला, "खडप मेला, पोरी. चल घराक."

पंधरवडाभर ती तिकडे फिरकली नाही. बांगड्यांची पोटं चिरत राहिली. शेवटी नाबर साहेबच एकदा म्हणाले, "बाई, माणसाने नव्याने काढलेला दगड कुणालाही बघायला मिळतो, समुद्राने नव्याने काढलेला किती जणांना मिळतो? जाऊन तर बघा."

ती गेली. दगड तसाच उघडा होता. तिने सहज हात फिरवला आणि बोटं किंचित घसरली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण दगडावर बुळबुळीत काहीतरी होतं. तिने सुरीने तो पातळ बुळा खरवडला, बाटलीत घेतला आणि धावत केंद्रात येऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

काचेच्या पेट्या! लांबट, होडीसारख्या, त्रिकोणी, बांगडीसारख्या गोल. प्रत्येकीवर सोनाराने कोरल्यासारखी नक्षी आणि आत सोनेरी ठिपका. एका थेंबात त्या शेकड्यांनी होत्या, आणि काही तर हळूहळू सरकत होत्या. ज्या दगडाला बापाने मेलेला म्हटलं होतं, त्यावर एकपेशी शेवाळांची ही प्रजा आधीच येऊन बसली होती. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाहिलंही नव्हतं. मथुरेने खुर्ची मागे सारली आणि नाबर साहेबांना हाक मारली. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि सरळ होऊन एवढंच म्हणाले, "उद्यापासून बांगडे मी बघतो."

त्या हिवाळ्यात मथुरेने एक वस्ती उभी राहताना पाहिली. आधी त्या बुळ्यावर हिरवी लव उगवली. लवेचं गवत झालं, आणि भातखाचर वाटावं इतकं ते दगडावर डुलायला लागलं. मग एका ओहोटीला गवताच्या मधल्या मोकळ्या जागांत तिला बारीक ठिपके दिसले. तिने दगडाची एक कपची छिन्नीने काढून समुद्राच्या पाण्याच्या बशीत ठेवली आणि जाळीने गाळलेल्या पाण्यातले जीव त्यात सोडले.

त्याच दुपारी काशीबाई बाजारातून परतताना तिच्यासाठी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन आली. मथुरा भिंगावर वाकलेली. हाक मारूनही तिचं लक्ष नव्हतं.

"आये, हयसर ये. बघ," ती वर न बघताच म्हणाली.

काशीबाईने हात लुगड्याला पुसले, एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. आधी तिला नुसता उजेड दिसला. मग दिसलं, तिळासारखं एक पारदर्शक पिल्लू. ते दगडावर चालत होतं. पुढे दोन बारीक मिशा, त्यांचीच पावलं. एक मिशी टेकवी, थांबे, दुसरी टेकवी. काही पावलं जाऊन ते वळलं. एका खळग्यात शिरलं, गोल फिरलं, बाहेर आलं.

"ता काय करता गो?"

"जागा सोधता. तोच तो, पायान जेवणारो. ह्या तेचा पिल्लू."

"मगे बसणा कित्याक नाय?"

"एकदा बसला काय मरासर उठाचा नाय, आये. म्हणान दगड चाखून बघता. आपल्या जातीचा कोण शेजाराक आसा काय, पाणी किती लागता, सगळा बघता. नाय पसंत पडला तर उठान पोवत दुसरीकडे जाता."

काशीबाई भिंगापासून हलली नाही. पिल्लू एका खाचेपाशी आलं. तिथे फार वेळ घुटमळलं. मग हळूच उलटं झालं, डोकं टेकलं, आणि थांबलं ते थांबलंच.

"बसला," काशीबाई कुजबुजली. देवळात बोलावं तशी. ती सरळ झाली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "शिरा पडो मेल्याची! तिळाएवढो जीव. तेका आपली जागा बघूक गावली. माका तेराव्या वर्सा दांडयेर आणून बसवली, कोणी इचारूक नाय. बरी बसलंय ती गोष्ट वेगळी." मग भाकरीचं फडकं सोडत ती म्हणाली, "वेंगुर्ल्याच्या सोयऱ्यांका मी सांगतंय, घाय नाय म्हणान. तू खा आता."

वेंगुर्ल्याहून मथुरेला सांगून आलेलं ते स्थळ पुढे सरकलंच नाही, आणि मथुरेच्या लग्नाचा विषय त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

पुढच्या दोन वर्षांत हिरवं गवत ओसरलं, कारण टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी आल्या आणि त्यांनी ते चरून फस्त केलं. खरंच त्यांनीच खाल्लं का, हे बघायला मथुरेने दगडाच्या काही तुकड्यांवर तारेच्या जाळीच्या टोपल्या ठोकल्या. टोपलीच्या आत गवत माजलं आणि बाहेर दगड चाटूनपुसून साफ झाला. मग शंकू पसरले, आणि शंकूंच्या पाठीवर कालवं येऊन बसली. कालवं आली तशा कालवं काढणाऱ्या बायकाही आल्या.

त्यांच्यात पुढे असे रुक्मिणी, मेतरांच्या घरामागे राहणारी. नवरा मुंबईत गिरणीत, पदरात चार पोरं. हातात लोखंडी कांब घेऊन ती टिचक्या मारल्यासारखी कालवं उकलत जाई. मथुरेने आखलेल्या नव्या चौकोनात तिला ठोके घालताना पाहून मथुरा ओरडली.

"रुक्मिणी, थंय हात लावू नको! अभ्यास चल्लो आसा थंय!"

"अभ्यास?" रुक्मिणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझी सासू ह्याच खडपार कालवां काढी. तुझो अभ्यास पोरांच्या पोटात घालू काय मी?"

दोघी तावातावाने बोलल्या. शेवटी काशीबाईने मध्ये पडून तोड काढली: खडपाची उत्तरेकडची बाजू मथुरेची, तिथे कुणी कांब लावायची नाही, दक्षिणेची बाजू बायकांची. रुक्मिणीने शब्द दिला आणि पाळला. उत्तरेकडे दुसरी कुणी वळली तर तीच तिला हाकलून देई. मथुरेला हायसं वाटलं. आता आपली बाजू बहरेल आणि दुसरी ओसाड होत जाईल, याबद्दल तिला शंका नव्हती. तसं सिद्ध झालं की सरकारकडून अख्खं खडप राखून घ्यायचं, असंही तिने मनाशी ठरवलं होतं.

झालं भलतंच. वादळानंतरच्या पाचव्या वर्षी तिने दोन्ही बाजू नीट तपासल्या आणि तिचा आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. उत्तरेला कालवांनी कालवांवर घरं बांधून सगळा दगड बुजवून टाकला होता. शंकू दडपून मेले होते, टोपीच्या गोगलगायींना चरायला वीतभर जागा उरली नव्हती. दक्षिणेला मात्र जिथे जिथे कांब लागली होती, तिथे बशीएवढं उघडं अंगण झालं होतं, आणि प्रत्येक अंगणात पहिल्यापासून सगळी गोष्ट पुन्हा चालू होती. एकात काचपेट्यांचा बुळा, दुसऱ्यात हिरवी लव, तिसऱ्यात कोवळे शंकू, चौथ्यात गोगलगायी. फटींत खेकडे, लाल स्पंज, समुद्रफुलं. एका ठोक्याएवढ्या वादळाने मोकळी झालेली जागा कुणी ना कुणी येऊन वसवत होतं.

तिने पुढच्या सुकतीला, मोठ्या ओहोटीला, पुन्हा तपासलं. तेच. पावसाळा जाऊ दिला, पुन्हा तपासलं. तेच. तेव्हा तिला कळलं की त्या वादळाने खडप मारलं नव्हतं. खडप असंच जगत आलं होतं, कुठे ना कुठे मोडत आणि मोडल्या जागी नव्याने भरत. किती वर्षं? समोरच्या बेटावरचा किल्ला बांधला गेला त्याच्याही आधीपासून, माणूस या किनाऱ्यावर उतरला त्याच्याही आधीपासून. त्यात एक ठोका समुद्राचा, एक माशाचा, एक रुक्मिणीचा. ती उन्हात उभीच राहिली. भरतीचं पाणी घोट्याला लागलं तेव्हा ती भानावर आली.

ती तडक रुक्मिणीकडे गेली आणि सगळं सांगितलं. रुक्मिणी चुलीपुढे बसली होती. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे मी काढलंय म्हणान थंय बरा झाला?"

"होय. माझाच चुकला."

"बरा," रुक्मिणी फुंकणी खाली ठेवत म्हणाली. "मगे उत्तरेकडली कधीपासून काढू? थंयची मोठी झाली आसतली."

मथुरेला हसू आवरेना. दोघी चुलीच्या धुरात डोळे पुसत हसत बसल्या.

१९६५ साली नाबर साहेबांनी आग्रहाने तिला मुंबईच्या परिषदेत निबंध वाचायला पाठवलं. तिने सगळं सांगितलं: कोरा दगड, कोण आधी आलं, कोण मागून आलं, कांब लागली तिथे काय झालं. बोलून झाल्यावर एका अधिकाऱ्याने विचारलं, "याचा मासेमारीला नक्की उपयोग काय?" ती गोंधळली नाही. "तो मला अजून ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण सात वर्षं मी एकच दगड बघतेय आणि तो अजून संपलेला नाही. समुद्र तर अजून सुरूही केलेला नाही." सभागृहात थोडं हसू उमटलं. पहिल्या रांगेतले एक वयस्क शास्त्रज्ञ मात्र हसले नाहीत. मागाहून तिच्यापाशी येऊन ते म्हणाले, "पुढची सात वर्षं सोडू नका."

तिला मुंबईला बढतीची जागा देऊ केली गेली. तिने नम्रपणे नाही म्हणून कळवलं. नाबर साहेब निवृत्त झाल्यावर केंद्र तिच्याकडेच आलं. कोल्हापुराहून, पुण्याहून विद्यार्थी येऊ लागले. आंबोलीच्या घाटाने एसटीतून उलट्या करत उतरलेल्या त्या मुलांना ती पहिल्या दिवशी काहीच शिकवत नसे. भरती येताना खडपाच्या कडेला एक भिंग देऊन बसवी आणि दारं उघडताना बघायला सांगे.

१९६७च्या फाल्गुनात पाणी असं ओसरलं की म्हाताऱ्यांनाही तशी सुकती आठवेना. गणपतने तेव्हा खोल पाण्यात जाणं सोडलं होतं. सकाळीच तो मथुरेला म्हणाला, "पाणी नितळ आसा. चल, कावळेखडपाच्या भायेर तुका नेतंय. आम्ही होडी थंयसून कायम लांब घातली. खाली काय आसा, मीव कधी बघूक नाय."

बापलेक लहान होडीतून निघाले. मथुरेने बरोबर एक लाकडी पेटी घेतली होती. तिच्या तळाला काच बसवलेली. बाहेरच्या खडकांच्या मध्ये, एका शांत घळीवर गणपतने वल्हं थांबवलं. तिने पेटी पाण्यात अर्धी बुडवून आत पाहिलं.

खाली बाग होती. फिकट जांभळे घुमट, मेंदूसारख्या वळ्यांचे. हिरवट पानांचे थर, एकावर एक, पुस्तकं रचावीत तसे. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या आणि फांद्यांतून निळ्या ठिणग्यांसारखे मासे. पोवळी! आपल्या दारात पोवळी असतील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एकेक घुमट वाढायला शेकडो वर्षं लागली असणार. वरून होड्या गेल्या, गलबतं गेली, आगबोटी गेल्या, आणि खाली हे हळूहळू, बोटाएवढं, नखाएवढं वर चढत राहिलं.

तिने पेटी बापाच्या हातात दिली. गणपत वाकला. पन्नास वर्षं ज्या पाण्यावरून तो वल्हं मारत आला, त्याच्या आत त्याने पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या पाठीवरचं ऊन सरकलं तरी तो उठला नाही.

"पोरी," शेवटी तो म्हणाला, "ह्या सगळा जिता आसा?"

"सगळा, बाबा. तो दगड दिसता ना, तोव."

"आणि हेंची नावां?"

"माका ठावक नाय. शिकाक होयी."

गणपतने पेटी तिला परत दिली आणि नांगराचा दगड आवाज न करता, हलक्या हाताने, वाळूच्या मोकळ्या पट्टीवर सोडला. मथुरेने काष्टा घट्ट केला, होडीच्या काठाला धरून पाण्यात उतरली, गळ्यापर्यंत बुडाली, आणि छातीत श्वास भरून डोळे उघडे ठेवून खाली गेली.